अक्कांचा बाक

हॉलमध्ये अक्कांच्या फोटोला फुलं वाहायची रांग होती. माझ्या पुढे त्यांच्याच गल्लीतल्या सासू-सुना उभ्या होत्या.

"आई, पहिलं भाषण कोणाचं आहे?"

"पाणीखात्याच्या साहेबांचं."

"अक्कांना वर्षभर केबिनबाहेर बसवून ठेवलं, तेच ना हे?"

"तेच. नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून न्यायची बिचारी. ती बाटली मांडीवर धरून दिवसभर बाहेरच्या बाकावर बसायची. संध्याकाळी शिपाई येऊन सांगायचा, साहेब मागच्या दाराने गेले."

"आणि त्याच पाण्याने कावीळ होऊन गेल्या."

"हळू बोल. पुढे त्यांचा मुलगा उभा आहे."

"आज तरी साहेब नळाचं काही बोलतील का हो?"

"नळाचं कशाला बोलतील? बाकाचं बोलणार आहेत. त्या बाकाला अक्कांचं नाव देणार म्हणे. पितळी पाटी करून आणलीय, शिपायाने दाखवली मला."

"जिवंतपणी आत बोलवायला जिवावर आलं होतं, आणि आता पाटी लावतायत."

"नुसती पाटी नाही, बाकाभोवती दोरीही बांधणार आहेत. पाटी खराब होईल म्हणून आता कोणी त्यावर बसायचं नाही."

"मग सोमवारी बाटली घेऊन आपण जाणार आहोत, तेव्हा कुठे बसायचं?"

"उभं राहायचं. चल, सरक पुढे, आपला नंबर आला."