शेळ्यांचा वाटा

लसीच्या रांगेत बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. मागे मायाक्का आणि वाडीला नेट पुरवणारे खाजाभाई बोलत होते.

“खाजाभाई, पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर अडकतोय. तोंड उघडं, घास चमच्यातच.”

“माझा लिनक्सचा कंप्युटर घरटी सारखंच नेट वाटतो, मायाक्का. घरात मोबाईल किती चालू?”

“माझा एक. बाकी चार शेळ्यांच्या गळ्यात.”

“शेळ्यांच्या?”

“गाण्याबिगर दूध देत न्हाईत.”

“मग सगळा वाटा त्याच खातेत की. कॉलपुरती गाणी बंद करा.”

“मग नातवाला दाखवू काय? शेळ्या डोलताना बघितल्या तरच जेवतंय त्ये.”

“गोठा येगळं घर धरून दुसरा वाटा दिला, तर वाडी भांडंल.”

“सांगा वाडीला, लेकरू जेवतंय.”

“…बरं. गोठ्याला नाव काय लावू?”