मालक खेळत असताना

(स्टेडियममधली वरची रांग. टळटळीत दुपार. पिपाण्यांचा गदारोळ आणि एकाच टोपणनावाचा घोष.)

ताई : ओरडू नकोस नुसता. काय झालं ते सांग.

भाऊ : फोर गं! मालकांनी फोर मारली!

ताई : ते कळलं. सगळं स्टेडियम बोंबलतंय म्हणजे फोरच असणार. कुठे मारली?

भाऊ : तिकडे.

ताई : तिकडे म्हणजे?

भाऊ : तिकडे म्हणजे हे काय, बोट दाखवतोय ना...

ताई : दाखव, दाखव. चांगलं लांब करून दाखव.

भाऊ : चुकलं. डावीकडे गेली. आपल्या डावीकडे.

ताई : आपलं डावीकडे घेऊन मी काय करू? त्याच्या कुठल्या बाजूला? बॉल पुढे पडला होता की आखूड? जागेवरून मारली की पाय काढून?

भाऊ : ताई, एवढं सगळं एका सेकंदात कोण बघतं?

ताई : मी बघायचे.

भाऊ : पाणी देऊ?

ताई : नको. पुढचा बॉल सांग.

भाऊ : आता काहीच दिसत नाहीये. अर्ध्या लोकांनी मालकांचे मुखवटे घातलेत. माझ्यासमोर नुसते मालकच मालक आहेत, खरा तेवढा दिसत नाही. त्यात पुढचा पाटी घेऊन उभा. अहो, पाटीवाले! बसता का जरा?

पाटीवाला : आज बसायचा दिवस आहे का, साहेब? शेवटची मॅच मालकांची! उद्यापासून सगळ्यांनी बसायचंच आहे.

भाऊ : तुमची पाटी सोडून आम्हाला काही दिसत नाही.

पाटीवाला : मग तुम्हीपण उभे राहा.

भाऊ : मी उभा राहिलो की मागचे अंगावर येतात. आणि हिला, माझ्या ताईला, दिसत नाही.

पाटीवाला : दिसत नाही म्हणजे?

ताई : डोळे गेले माझे. हळूहळू गेले, आता काहीच दिसत नाही.

पाटीवाला : अरेरे. पण मग... रागावू नका हं, ताई. मी उभा असलो काय नि बसलो काय, तुम्हाला काय फरक पडतो?

ताई : मला नाही पडत. पण आज याच्या डोळ्यांवर आलेय मी. त्याला दिसलं तर मला.

पाटीवाला : हां. हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. बसतो, बसतो. पाटी आडवी धरतो.

ताई : काय लिहिलंय पाटीवर?

पाटीवाला : 'मालक, जाऊ नका.' मी आणि बायकोने रंगवली. टीव्हीवर दाखवली सकाळी. मेहुण्याचा लगेच फोन आला.

ताई : आणि मालकांचा?

पाटीवाला : चेष्टा करता, ताई.

भाऊ : टाकला, टाकला बॉल!

ताई : आणि?

भाऊ : काही नाही.

ताई : काही नाही म्हणजे काय? सोडला? अडवला? हुकला?

भाऊ : बहुतेक अडवला.

ताई : तू मोठ्या पडद्याकडे बघत होतास.

भाऊ : क्षणभर गं. त्याचे लहानपणचे फोटो दाखवतायत.

ताई : लहानपणचा मी पाहिलाय. क्लबच्या मैदानावर, रोलरवर बसून. तू मांडीवर होतास.

भाऊ : मला फक्त तू चिमटा काढलेला आठवतोय.

ताई : बोलर धावत यायला लागला की तू रडायचास. काढणार नाही तर काय? त्या मैदानावर ना माणूस, ना काणूस. त्याची बॅट लागली की असा कोरडा आवाज यायचा, दाराचा आडणा काढल्यासारखा. दुसऱ्या कुणाच्या बॅटला तो नव्हता. मला वाटलं, दिसलं नाही तर नाही, इथे निदान तेवढं ऐकायला मिळेल. सकाळपासून बसलेय. नुसत्या पिपाण्या ऐकतेय.

भाऊ : मग मी काय करू? सगळ्या स्टेडियमला गप्प बसवू?

ताई : असं म्हटलं का मी?

भाऊ : म्हणायला कशाला हवं! हंगामातला शनिवार, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तब्येतीचं खोटं सांगून आलोय. एका मालकापायी दुसऱ्या मालकाची बोलणी खायचीयत सोमवारी. एवढे जिने तुझा हात धरून चढवले, रांगेत उभा राहिलो, तुझ्यासाठी सावलीची जागा बघितली. आणलं ना तुला? आणलं की नाही?

ताई : आणलंस. पण बघायला तू एकटाच आलास.

भाऊ : हे बरंय!

ताई : घरीसुद्धा तेच करतोस. टीव्ही लावतोस, आवाज मोठा करतोस आणि जातोस. त्या टीव्हीवाल्यांना वाटतं सगळ्यांना दिसतंयच. ते आपले एकमेकांना हॉटेलातल्या गमती सांगत बसतात. रेडिओवाले सांगायचे बाबा. रेडिओ बंद पडला तर म्हणालास, दुरुस्त करून आणतो.

भाऊ : राहिला आणायचा.

ताई : राहिला.

भाऊ : मला नाही येत गं सांगायला! तू विचारलंस की तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखं होतं. कोण आलं, कसा दिसतो, चेहरा पडलाय का, पडदे कुठल्या रंगाचे घेतले. मी दोन शब्दांत उरकतो. तुला ते पुरत नाही हे तुझ्या तोंडावर दिसतं, मग माझी चिडचिड होते. तुझ्यावर नाही चिडत मी. म्हणजे, तुझ्यावरच निघतं. पण...

ताई : बॉल गेला बघ तेवढ्यात.

भाऊ : गेला.

ताई : जाऊ दे. मला सांग, दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिलं काय बघतोस?

भाऊ : पाय. दुसरं काय बघणार? बूट विकतो मी.

ताई : मग तेवढंच बघ. बॅट नको, बॉल नको, बॉल कुठे गेला ते तर मुळीच नको. त्याचे पाय काय करतात तेवढं बोलत राहा. बाकीचं माझं मी बघते.

भाऊ : नुसते पाय?

ताई : नुसते पाय.

भाऊ : बरं. उभा आहे. दोन्ही पाय जवळ जवळ, वजन चवड्यांवर. आता डावा पाय पुढे टाकला, चांगला लांब. गुडघा वाकला. मागची टाच उचललीय, बोटांवरच उभा आहे. आणि अडवला.

ताई : डोकं पुढच्या पायाच्या वर होतं?

भाऊ : अगदी वर. वाकून बुटाची नाडी बघत असल्यासारखं.

ताई : हं. पुढचा.

भाऊ : आला. हा मागे गेला, ताई. उजवा पाय मागे, पार स्टंपांपाशी. आडवा ठेवलाय, रेघेला लावून ठेवल्यासारखा. डावा त्याच्याजवळ आला, आणि असा उंच झाला एकदम, टाचा वर, आणि...

पाटीवाला : फोर! फोर!

ताई : हो हो, कळलं हो. पाय कसे आहेत आता?

भाऊ : तसेच. हललाच नाही. धावलासुद्धा नाही.

ताई : आई गं! दिसला रे मला. आत्ता दिसला.

पाटीवाला : साहेब, जरा मोठ्यांदा सांगाल का? इथे आवाज पोचत नाही.

भाऊ : तुम्हाला दिसतंय की!

पाटीवाला : दिसतंय, पण मी सकाळपासून कॅमेरा कुठे वळतो तेच बघत होतो.

ताई : या, इकडे सरका. सांग रे. थांबू नकोस आता.

भाऊ : बोलर बदललाय. स्पिनर आलाय. चार पावलं येतो नुसता. मालक पुढे आला, पटापट दोन पावलं, नाचल्यासारखी. ढकलला हळूच. परत गेला जागेवर, पायाने रेघ चाचपली.

ताई : चाचपतोच तो. पहिल्यापासून.

भाऊ : पुन्हा आला बोलर. डावा पाय निघाला... निघाला...

ताई : काय? काय झालं? सगळे गप्प का झाले?

भाऊ : ताई...

ताई : थांबू नकोस म्हटलं ना.

भाऊ : पाय अर्धाच गेला. निघाला आणि मध्येच राहिला. बॉल पायाच्या आणि बॅटच्या मधून गेला. दांडी उडाली. मधली.

ताई : आत्ता शांत झाले मेले. हेच एक बॉल आधी झाले असते तर?

पाटीवाला : नो बॉल असेल. बघतील ना ते? बघतील.

भाऊ : नाही हो. गेला.

ताई : तू सांग. रडतोयस काय? नंतर रड. तो काय करतोय?

भाऊ : निघालाच नाहीये अजून. बॉल पडला त्या जागेकडे बघतोय. बुटाच्या टोकाने माती दाबतोय तिथली. आणि आता नुसताच पाय पुढे टाकून बघितला, पूर्ण. बॉल नाही, काही नाही. जिथे टाकायला हवा होता तिथे टाकून बघितला.

ताई : म्हणजे पुढच्या वेळी कसं खेळायचं ते बघतोय.

भाऊ : पुढची वेळ नाहीये ना, ताई.

ताई : पायाला कुठे माहितीय ते? निघाला?

भाऊ : निघाला. हेल्मेट काढलं. कानाजवळचे केस पिकलेत गं. सगळे उभे राहिलेत. दुसऱ्या टीमचे येऊन हात मिळवतायत. हा खाली बघून चालतोय. बॅट वर करतच नाहीये. लोक एवढे ओरडतायत, तरी नाही. आता केली. जराशी केली. दोरी ओलांडली. जिना चढतोय. गेला.

ताई : मला उभं कर जरा.

भाऊ : हात दे.

ताई : टाळ्या वाजवायला हात सोड की.

पाटीवाला : भाषणं मॅच संपल्यावर आहेत म्हणे. मी काही थांबत नाही. मला नाही बघवणार. ही पाटी कुणाला हवीय का हो? नको? राहू दे इथेच. येतो, ताई.

ताई : निघालात? मॅच संपली?

पाटीवाला : तशी नाही संपली. जिंकायला बरेच हवेत अजून. पण आता बघायचं काय?

भाऊ : सगळेच निघालेत, ताई. रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. आपणही निघू, नाहीतर जिन्यात चेंगरशील.

ताई : पलीकडे कोण होता रे?

भाऊ : कुठे पलीकडे?

ताई : दुसऱ्या टोकाला. मालक खेळत असताना तिकडे कोणीतरी उभा असेल ना.

भाऊ : होता की. अजून आहे. पहिल्यापासून तोच खेळतोय. बोर्डावर त्याचे रन बघ, केवढे... मला कळलंच नाही कधी झाले.

पाटीवाला : अरेच्चा! हो की!

ताई : काय करतोय आता?

भाऊ : काही नाही. एका हातातला ग्लोव्ह काढला, परत घातला. बॅटला टेकून उभा आहे. सगळे उठून चाललेत तिकडे बघतोय.

ताई : मग तू खाली बस. कोणीतरी बसलेलं दिसू दे त्याला.