कोरी पुस्तकं

ऐका, देवळीच्या वाचनालयात मी भांडून एक फळी मिळवली होती, स्वतःच पुस्तक छापणाऱ्या नव्या लेखकांसाठी. भयकथा, रहस्यकथा, एक विज्ञान कादंबरी. भयकथा माझ्या मैत्रिणीची, पिपरी मेघेच्या रेश्माची. पहिला वाचक मिळाला की फोन करते, असं मी तिला सांगितलं होतं.

परवा फळी रिकामी दिसली. मी खूश.

वाचनालयाच्या अध्यक्षकाकांना विचारलं, "पुस्तकं कोणी नेली?"

"सत्कारात पाहुण्यांले देल्ली. हारापेक्षा पुस्तक बरं."

"एकानं तरी वाचलं होतं?"

"नाई ना पोरी. वाचलेलं पुस्तक पाहुण्याले देते काय कोणी? रविवारी या फळीसाठी तुया सत्कार हाये, येजो. तुयासाठी एक कोरं ठेवलं."

ते रेश्माचं होतं. तिचे फोन येताहेत, मी उचलत नाही.