भुईमुगाची शेंग आणि सामंत सर

मंडळी, सावरून बसा, आज एक अडचणीचा प्रश्न विचारतो. ज्यानं शिकवलं, त्याचंच चुकलेलं दिसलं — तर शिष्यानं काय करावं? बोलावं, की गप्प बसावं?

अवंती धुमाळ नावाची मुलगी. ताऱ्यांचा अभ्यास करणारी. तिचे गुरू विद्याधर सामंत, आता निवृत्त होऊन सावंतवाडीला राहणारे. आपली ही आकाशगंगा आहे ना, तिच्या मधोमध म्हाताऱ्या ताऱ्यांची दाटी आहे. ती दाटी चेंडूसारखी गोल, असं सरांनी जन्मभर शिकवलं. अहो, आपण आकाशगंगेच्या आतच बसलेलो, त्यात मध्ये धुळीचा पडदा. आकार दिसायचा कसा?

अवंतीनं धुळीतूनही पार येणाऱ्या उजेडात तांबूस ताऱ्यांची एक जात धरली. त्या सगळ्यांचं तेज जवळजवळ सारखं. म्हणजे सारख्या दिव्यांची रांगच समजा. मंद दिसला तो लांबचा, ठळक दिसला तो जवळचा. मध्याच्या जरा वरच्या अंगाला तिनं पाहिलं. आकार गोल असता तर ताऱ्यांचा एकच घोळका दिसायचा. दिसले दोन! एक अलीकडे, एक पलीकडे, मधे विरळ.

पोरगी गोंधळली. तिला वाटलं, आपलंच गणित फसलं. पुन्हा केलं, तेच. मध्याच्या खाली पाहिलं, तेच. जेवताना घास हातात राहायचा. आई विचारायची, काय झालं गं? ही पुन्हा आकडेच मांडायची. शेवटी ती सावंतवाडीला गेली.

सरांनी ऐकून घेतलं आणि रागावले. तुझी दुर्बीण तपास म्हणाले, उठून आत गेले. अवंती ओसरीवर तशीच बसली. जावं की थांबावं, कळेना. मंडळी, सांगताना मलाही कळत नाही.

बऱ्याच वेळानं सर बाहेर आले. चेहरा उतरलेला.

"मग आकार कसला म्हणतेस?"

"भुईमुगाच्या शेंगेसारखा, सर. कंबरेत बारीक, दोन्ही टोकांना फुगीर. आणि एक टोक आपल्याकडे वळलेलं."

"मग मी इतकी वर्षं काय बघत होतो?"

"तेच तारे, सर. ते असे का मांडले गेले, हे मलाही अजून नीट उमगलेलं नाही."

सर खुर्चीत बसले नाहीत. तिच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "पहिल्यापासून सांग. मला समजलं नाही."

मंडळी, ज्याच्यापुढे बसून ती शिकली, तो तिच्यापुढे शिकायला बसला. दिवेलागण झाली तरी दोघं बोलत होती. सरांना सगळं पटलं का? नाही. दोन शंका त्यांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, आणि त्यातली एक खरी निघाली. तिच्यापायी अवंतीला आपलं गणित सुधारावं लागलं. शेंग मात्र शेंगच राहिली.

आता तुमच्याकडे वळतो. हसू नका, दादा, तुम्हालाच म्हणतोय. उद्या तुमची सून, तुमचा धाकटा भाऊ तुमच्या समजुतीच्या उलट काही बोलेल. डोकं गरगरेल, राग येईल. येऊ द्या. आत जाऊन या हवं तर. पण बाहेर याल ना? बाहेर येऊन "मला समजलं नाही" एवढं म्हणाल ना?

विचार करा. तोवर टाळ घ्या हातात, देवाचं नाव घेऊ.