वीसच्या वर नाही, पंधरा मिनिटांच्या आत

पोरीच्या हाती स्कूटी देण्याआधी तिचं गणित किती पक्कं आहे ते पाहून घ्या बायांनो. मी नाही पाहिलं. माझ्या प्रज्ञाने सिविक सेंटरला गणिताचा क्लास लावला, तेव्हा मी दोन अटी घातल्या. गाडी वीसच्या वर पळवायची नाही, अन् क्लास सुटल्यावर पंधरा मिनिटांत रिसालीच्या घरात पाय पाहिजे. एक जरी मोडली, तर स्कूटी बंद.

पहिल्याच दिवशी पोरीला उशीर झाला. मी दारातच हात पुढे केला, "चावी दे."

"आई, आधी ऐक. रस्ता सहा किलोमीटर हाय. पंधरा मिनिटांत यायचं तर कमीत कमी चोवीसचा स्पीड लागते. तू म्हणते जास्तीत जास्त वीस. चोवीसच्या खाली नाही अन् वीसच्या वर नाही, असा नंबर कुठून आणू? मॅडम म्हणतात, अशा गणिताले उत्तरच नसते."

"मग चूक कोणाची?"

"अटींची."

"अन् अटी कोणाच्या?"

तिचे बाबाच सोफ्यावरून बोलले, "तुह्याच." त्यांना त्या दिवशी चहा बिनसाखरेचा मिळाला.

मी म्हटलं, "स्पीड वीसच राहीन. टाइम अर्धा तास देतो."

चावी मुठीत दाबून पोरगी हसली. "वीसनं अठरा मिनिटं लागतात, आई. बारा उरले."

"मले का शिकवते? त्या बारा मिनिटांत तू पाणीपुरी खाशील, मले माहीत हाय. माह्यासाठी बांधून आणजो, पाणी वेगळं."