मावशी इथे राहत नाही

नाही नाही, बसा ना मॅडम, मी घाबरलेली नाहीये — मी अशीच आहे, बेल वाजली तरी दचकते, कॉलेजात तर हजेरीला स्वतःचं नाव ऐकून दचकायचे, मैत्रिणी हसायच्या. तर तुम्ही मावशीचं विचारत होतात. मावशी इथे राहत नाही. दारातच सांगितलं ना मी? जामिनावर सुटल्यापासून ती कुठे असते, देव जाणे. आणि नियम मला ठाऊक आहे — पोरी विकल्याचा आरोप असलेलं माणूस ज्या घरात राहतं, त्या घराच्या सगळ्या सरकारी सवलती निकाल लागेपर्यंत बंद. बंद म्हणजे आईचं ऑक्सिजनचं मशीन तुम्ही परत नेणार, हो ना? ऐकू येतंय ना, आतल्या खोलीत घरघरतंय ते? आधी त्या आवाजानं मला झोप लागायची नाही, आता तो जरा अडखळला तरी जाग येते. आरोप काय आईवर आहे? फुप्फुसं मात्र आईची. बरोबर आहे का हे, सांगा बरं — जाऊ दे, तुम्ही तरी काय सांगणार, तुमचीही नोकरीच.

बाथरूम? बघा की, बघा. ब्रश ना — एक माझा, एक धाकटीचा, एक आईचा. आणि तो — तो पाहुण्यांचा. ओला आहे कारण... मी त्यानं कंगवे घासते. ती केसांच्या रंगाची बाटली? आईची. अंथरुणाला खिळलेल्या बाईनं केस काळे करू नयेत का?

तिकडे काय बघताय? ती लाल बॅग होय. माझी — म्हणजे धाकटीची. नवीकोरी आहे, किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नाही. उद्या निघतेय ती, नोकरीला, मोठ्या हॉटेलात. कुठल्या? मोठंच आहे. समुद्राकाठी. नाव विचारलं मी मावशीला, खरंच विचारलं, तर मला म्हणाली, "शिकलीस म्हणून माझी उलटतपासणी घेतेस होय गं? तुझा बाप गेल्यावर कुणी भरवलं तुम्हाला?" तिनंच भरवलं, मॅडम. शाळेत जाताना वेणी घालायची ती माझी, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. अशी बाई असलं काही करेल? आरोप म्हणजे काही गुन्हा सिद्ध झाला असं नाही — रोज सांगते मी स्वतःला. पण त्या पोरींपैकी एक टीव्हीवर आली होती, तोंड झाकून, आणि म्हणाली, निघताना मला नवी लाल बॅग घेऊन दिली होती. आई आतून ओरडली, "बंद कर ते!" धाकटीला सांगायला गेले तर म्हणते, "ताई, तू जळतेस माझ्यावर." तिचा फोन, ओळखपत्र, सगळं मावशीनं स्वतःकडे ठेवलंय, वेंधळी आहेस, हरवशील म्हणून. आत्तासुद्धा दोघी बाजारात —

म्हणजे, धाकटी. एकटीच गेलीय.

नाही, लिहू नका! पेन ठेवा खाली, पाया पडते. मी बोलले तर मशीन जाणार, नाही बोलले तर ती पोरगी जाणार — आणि ती तर हसत हसत जाणार हो, नवी चप्पल घालून. असं नाही का करता येणार, मशीन राहू दे, आणि फक्त उद्या तिला न्यायला येणारी गाडी अडवली तर —

श्श्.

जिन्यात कुणीतरी... तीच. मधल्या पायरीवर दम खाते, मग वर येते. उठा. कागद आत घाला, गळ्यातला बिल्ला काढा तो, काढा ना! — उघडंच आहे गं मावशी! — कुणी नाही गं, मीटर बघायला आल्यात या, निघाल्याच. धाकटी आहे ना तुझ्याबरोबर? — या तुम्ही मॅडम. झालं ना मीटर बघून? या ना. — हो, सोडते. सोडते मी तुमचा हात.