दुसरी बॅटरी

(जून २००६. कोल्हापूरजवळचं पंचगंगेकाठचं गाव. घाटाला बांधलेली पुराच्या कामाची बोट. आत, गावात बॅटरी दुरुस्तीचं दुकान चालवणारी खतिजा आणि बोट हाकणारा आकाराम. काठावर सरपंच सयाजीराव.)

सयाजीराव : आन मला न इचारता सगळ्या वायरी सोडल्यास?

खतिजा : सोडल्या. परत तशा जोडणार न्हाय.

सयाजीराव : अगं, शहरातनं मिस्त्री आणून इन्व्हर्टर बसवून घेतला. दिवं लागत हुतं, पंखा फिरत हुता. उद्या तहसीलदार बोट बघायला येणार.

खतिजा : लागत हुतं, पण इंजिनाच्या बॅटरीवर. ती उतरली की इंजिन लागंल का? म्हणून इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी दिली. घाटावरच्या लाइटीला जोडलं की इन्व्हर्टरच्या पेटीतनंच ती चार्ज व्हती. इंजिनाची बॅटरी निराळी. तिच्यावर दुसरं काय बी चालणार न्हाय.

सयाजीराव : वजन वाढलं की. एक माणूस कमी बसणार.

खतिजा : कमी बसू दे. बसलेली तरी पोचतील.

सयाजीराव : तहसीलदारास्नी काय सांगू? दुकानातल्या पोरीनं केलं म्हणून?

खतिजा : नाव बी सांगा. गैबी मिस्त्रीची खतिजा.

आकाराम : सरपंच, गेल्या पुरात गैबीला ह्याच बोटीतनं दवाखान्यात न्हेत हुतो. दम्यानं नुसता कासावीस झालता.

सयाजीराव : ते पंचनाम्यात आलंय. पुराचं पाणी शिरून इंजिन बंद पडलं.

खतिजा : पाणी न्हाय शिरलं. शाळंपाशी माणसं घ्यायला इंजिन बंद केलं आन हालोजनचा दिवा तसाच जळत ठेवला. बॅटरी उतरली. आकारामतात्या चावी फिरवत्यात, आन नुसतं टकटक. दीड तास धारंला वाहत गेलो. बा माझ्या मांडीवर गेला. त्या पंचनाम्यावर तुम्ही माझी सही मागितली, मी दिली न्हाय. आज बी देणार न्हाय.

सयाजीराव : आन मी म्हणलं, आत्ताच्या आत्ता दुसरी बॅटरी काढ, तर?

खतिजा : तुमच्या हातानं काढा. मी परत जोडीन. रोज काढा, रोज जोडीन.

आकाराम : आन ती जोडंपतुर मी बोट सोडणार न्हाय.

सयाजीराव : तू बी, आकाराम?

आकाराम : वरीसभर गप बसलो. तेवढं बास झालं.

खतिजा : सकाळी नवापासनं इंजिन बंद ठेवून दिवं, पंखा, सगळं चालू ठेवलंय. आता बारा वाजलं. तात्या, मारा चावी.

आकाराम : लागलं. एका दमात लागलं.

खतिजा : उद्या तहसीलदारांफुडं बी असंच लावून दाखवणार.

सयाजीराव : बंद कर इंजिन, आकाराम. जरा ऐकू येऊ दे... खतिजा, त्या दिवशी हालोजन बंद करू नगं म्हणलतो, ते मी. मदतीचं फोटो काढायचं चाललं हुतं.

खतिजा : म्हायत हाय मला. मी तुमच्या शेजारीच बसलेली.